लग्नाच्या नोंदीतलं नाव : केरुआक घराण्याच्या मूळ पुरुषाचा शोध

१९६५ सालच्या जूनमध्ये जॅक केरुआक पॅरिसला उतरला तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता. लेखक म्हणून अमेरिकेत नाव झालेलं होतं, तब्येत दारूने पोखरली होती आणि मनात एकच काम होतं. आपल्या घराण्याचा फ्रान्समधला मूळ पुरुष त्याला शोधायचा होता. त्यासाठी तो राष्ट्रीय ग्रंथालयात गेला, राष्ट्रीय अभिलेखागारात गेला. तिथे काही लागलं नाही म्हणून आगगाडीने फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या ब्रिटनी या भागाच्या टोकाला, ब्रेस्ट बंदरापर्यंत गेला आणि थोड्याच दिवसांत रिकाम्या हाताने अमेरिकेला परतला. चार वर्षांनी, २१ ऑक्टोबर १९६९ रोजी, तो वारला. त्याचा पूर्वज ज्या गावातून निघाला होता ते ह्युएलगोआत ब्रेस्टपासून साठ-सत्तर किलोमीटरवर आहे.

त्या गावाचं नाव घराण्याला कळलं १९९९मध्ये, म्हणजे जॅक गेल्यावर तीस वर्षांनी.

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचं काम करताना मी बऱ्याच ठिकाणी अडलो. अडलेला माणूस दुसरे लोक कसे सुटले ते बघतो, तसा मी या प्रकरणापर्यंत आलो. फ्रेंच वसाहतींतली घराणी आपल्यापासून फार दूरची आहेत. पण आडनाव म्हणजे काय, ते कुणी दिलं, ते कसं बदलतं आणि कागदावर आल्यावर त्यावर किती विश्वास ठेवायचा, हे प्रश्न आपलेही आहेत. हे एक प्रकरण नीट उलगडून पाहिलं तर त्यातले बरेचसे समोर येतात, म्हणून ते सविस्तर मांडतो.

घरात सांगितली जाणारी गोष्ट

जॅकचा जन्म १२ मार्च १९२२चा, मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल या गिरणगावातला. आईवडील दोघेही क्वेबेकमधून आलेले फ्रेंच कॅनडियन. १८४० ते १९३० या काळात असे सुमारे ९ लाख लोक क्वेबेक सोडून अमेरिकेत, विशेषतः न्यू इंग्लंडच्या कापड गिरण्यांत, कामाला आले. घरात फ्रेंच बोलली जायची. बाप्तिस्म्याच्या नोंदीत त्याचं नाव ज्याँ-लुई किरुआक असं आहे. तो स्वतः मात्र पूर्ण नाव सांगताना ज्याँ-लुई लब्रिस द केरुआक असं सांगायचा, कारण घरात तसंच सांगितलं जायचं.

घरातली कथा अशी होती की मूळ पुरुष ब्रिटनीतला एक बॅरन. साधारण १७५०च्या सुमारास तो फौजेबरोबर कॅनडात आला. क्वेबेकच्या लढाईनंतर रिव्हिएर-द्यू-लूप नदीकाठी त्याला जमीन मिळाली. मुलाबाळांनी स्थानिक मोहॉक बायकांशी लग्नं केली आणि पुढच्या पिढ्या बटाटे पिकवत राहिल्या. या कथेला आधारही मिळाला होता. १९५७मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जॅकला एका कुलचिन्हांच्या ग्रंथात आपलं घराणं सापडलं. निळ्या ढालीवर सोन्याचा पट्टा, त्यावर चांदीचे तीन खिळे, आणि खाली ब्रीद की प्रेम करावं, कष्ट करावेत, सोसावं.

हे वाचून त्याला काय वाटलं असेल ते मला समजतं. छापील ग्रंथात आपलं नाव दिसलं की पुढचं सगळं खरंच असणार असं वाटू लागतं. पण कुलचिन्हांच्या ग्रंथात येणारा मजकूर अनेकदा घराण्यांनीच कळवलेला असतो. म्हणजे घरातली गोष्टच छापून परत घरी येते आणि आता ती पुरावा म्हणून उभी राहते. आपल्याकडेही राजपुतान्यातून आलो, अमुक राजाचे सेनापती होतो, ही वाक्यं एका कुलवृत्तांतातून दुसऱ्यात जातात. तिसऱ्याला वाटतं, दोन ठिकाणी छापलंय म्हणजे खरं आहे.

बॅरनच्या कथेमुळे जॅकचा शोध पहिल्याच पायरीवर चुकला. तो पॅरिसमध्ये फ्रेंच सेनापती माँकाल्मच्या फौजेतल्या अधिकाऱ्यांच्या याद्या मागत होता. माँकाल्म आणि ब्रिटिश सेनापती वुल्फ यांची क्वेबेकची लढाई १३ सप्टेंबर १७५९ची. आणि त्याचा खरा मूळ पुरुष वारला होता ५ मार्च १७३६ रोजी, सेंट लॉरेन्स नदीकाठच्या कामुरास्का गावी. लढाईच्या तेवीस वर्षं आधी. ज्या याद्यांत तो असणं शक्यच नव्हतं त्या याद्या हा लेक धुंडाळत बसला.

न्यू फ्रान्समधली नावं

इथे थांबून न्यू फ्रान्समधली, म्हणजे कॅनडातल्या त्या फ्रेंच वसाहतीतली, नावांची रीत समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

तिथल्या कागदांत एक छोटा शब्द सतत भेटतो, 'दी'. त्याचा अर्थ 'म्हणवला जाणारा', आपल्या भाषेत सरळ 'ऊर्फ'. पिएर मिव्हिल दी ल स्विस, म्हणजे स्वित्झर्लंडहून आलेला म्हणून स्विस. पिएर ह्युदों दी बोलिए. सैनिकांना तर टोपणनाव असायचंच, त्याला युद्धनाम म्हणत. १६६५मध्ये कारिन्यान-सालिएर पलटण क्वेबेकला उतरली आणि तिच्यातले कित्येक शिपाई तिथेच राहिले. लाफ्लर म्हणजे फूल, सांसूसी म्हणजे बेफिकीर, लाझनेस म्हणजे तारुण्य, व्हादबॉनकर म्हणजे आनंदाने निघालेला. ही सगळी छावणीतली नावं पुढे घराण्यांची आडनावं झाली.

आपल्या 'ऊर्फ'मध्ये आणि त्यांच्या 'दी'मध्ये एक फरक मात्र आहे आणि शोधणाऱ्याला तोच घात करतो. आपल्याकडे ऊर्फ माणसाला लागतं, तो गेला की बहुधा त्याच्याबरोबर जातं. तिथे 'दी' पिढ्यान्‌पिढ्या वारशाने चाललं. एका बापाचे दोन मुलगे, एकाने मूळ आडनाव धरलं, दुसऱ्याने 'दी' नंतरचं. आजच्या क्वेबेकमध्ये ह्युदों आणि बोलिए ही दोन वेगळी आडनावं आहेत, आणि त्यांतली बरीच घरं एकाच पूर्वजाची. मिव्हिलच्या वंशात तर पुढे देशेन हे तिसरंच नाव रूढ झालं.

वरच्या वर्गात जमिनीवरून नाव घ्यायची चाल होती. शार्ल ल म्वान हा दिएपच्या खानावळवाल्याचा मुलगा कॅनडात येऊन श्रीमंत झाला. त्याचे मुलगे इतिहासात दिबर्व्हिल, द बिएनव्हिल, द सेरिन्यी, द मारिकूर, द सेंतेलेन अशा वेगवेगळ्या नावांनी येतात. लुइझियानाची वसाहत १६९९मध्ये घातली ती दिबर्व्हिलने आणि न्यू ऑर्लिन्स १७१८मध्ये वसवलं ते बिएनव्हिलने. ते सख्खे भाऊ होते हे नावांवरून कुणाला कळणार? श्रीवर्धनच्या भटांना आपण पेशवे म्हणतो तेव्हा निदान कारण ठाऊक असतं. इथे एका घरात पाच वेगळी नावं.

फ्रान्समध्ये ही मोकळीक क्रांतीने संपवली. २३ ऑगस्ट १७९४च्या कायद्याने ठरलं की जन्मनोंदीत असेल तेच नाव आणि आडनाव, दुसरं चालणार नाही. पण तोवर कॅनडा फ्रान्सच्या हातून गेला होता. १७६३च्या पॅरिसच्या तहाने तो ब्रिटिशांकडे आला, त्यामुळे हा कायदा तिथे पोचलाच नाही. 'दी' ची नावं तिथे पुढे शंभरएक वर्षं निवांत जगली. समुद्रापलीकडच्या जुन्या वसाहतीत मायदेशापेक्षा जुनी चाल टिकली, ती अशी.

यातून एक गोष्ट लक्षात घ्यायची. न्यू फ्रान्समध्ये नाव बदलणारा प्रत्येक माणूस काही लपवत होता असं नाही. नाव बदलणं हा तिथला रोजचा व्यवहार होता. म्हणूनच खरोखर लपवणारा माणूस त्या गर्दीत सहज मिसळून जाई.

२२ ऑक्टोबर १७३२

आता मुख्य कागद.

न्यू फ्रान्सची चर्चदप्तरं हे वंशावळ शोधणाऱ्याचं भाग्य आहे. क्वेबेकमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी १६२१पासूनच्या मिळतात, आणि १६७९पासून प्रत्येक नोंदीच्या दोन प्रती ठेवायची पद्धत पडली. एक चर्चमध्ये, दुसरी न्यायालयात. एक जळली तर दुसरी राहते. शिवाय लग्नाआधी नोटरीसमोर करार करण्याची चाल सर्रास. मालमत्ता, हुंडा, विधवेचा हक्क सगळं त्यात लिहिलं जाई. या दप्तरांवरून सिप्रिएन तांगे या पाद्र्याने १८७१ ते १८९० या काळात फ्रेंच कॅनडियन घराण्यांचा सात खंडांचा वंशकोश काढला. १९६६पासून माँट्रियल विद्यापीठाने तर सगळ्या नोंदी एकमेकांना जोडून अख्ख्या वसाहतीची लोकसंख्याच पुन्हा उभी केली. आपल्याकडे याच्या जवळ जाणारं काही असेल तर त्र्यंबकेश्वर, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. त्यांत यजमान स्वतः आला तरच नाव येतं. तिथे मात्र जन्मलेला, लग्न झालेला, मेलेला प्रत्येक कॅथलिक येत होता.

तर २२ ऑक्टोबर १७३२ रोजी, क्वेबेक शहराच्या खाली सेंट लॉरेन्सच्या दक्षिण काठावर, काप-सेंतिन्यास गावच्या चर्चमध्ये एक लग्न लागलं. नवरीचं नाव लुईज बेर्निए. नवऱ्याचं नाव मोरिस-लुई ल ब्रिस द केरुआक. उत्तर अमेरिकेतले सगळे किरुआक, केरुआक, केरोआक या जोडप्याचे वंशज.

लग्नाच्या नोंदीत दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं आणि मूळ गाव लिहायचं असतं. तीच या नोंदींची खरी किंमत, कारण त्या एका ओळीवर स्वार होऊन समुद्र ओलांडून फ्रान्सच्या गावात उतरता येतं. हजारो घराण्यांनी तसं केलं. या घराण्याला मात्र ती ओळ कुठेच पोचवत नव्हती. ब्रिटनीतल्या कॉर्नुआय धर्मप्रांताचा उल्लेख होता, पण तिथे त्या आईवडिलांचा ल ब्रिस द केरुआक नावाचा मुलगा कुणालाही सापडेना. इतर कागदांत हाच माणूस आलेक्सांद्र म्हणून येतो, कुठे नुसता 'ल ब्रेतों', म्हणजे ब्रिटनीवाला. नावांची ही गर्दी बघून वर्षानुवर्षं लोकांना वाटत राहिलं की ही वसाहतीतली नेहमीची ढिलाई आहे, खरं नाव यांतलंच एखादं असणार.

आता नवरीकडे बघा. लुईज बेर्निए ही काप-सेंतिन्यासच्या बेर्निए घराण्यातली. त्या घराण्याचा मूळ पुरुष जाक बेर्निए, 'दी ज्याँ द पारी', म्हणजे ऊर्फ पॅरिसचा ज्याँ. १६५६मध्ये त्याचं क्वेबेकला लग्न झालं आणि पुढे त्याने याच गावात जमीन धरली. लुईजचा जन्म, आईवडील, त्यांचे आईवडील, सगळं त्याच काठावरच्या चर्चदप्तरांत ओळीने आहे. एकही दुवा निसटलेला नाही.

मला या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. न्यू फ्रान्सच्या कागदांत बाई लग्नानंतरही माहेरच्याच नावाने लिहिली जाई. बाळाच्या बाप्तिस्म्यात आई म्हणून लुईज बेर्निए, जमिनीच्या व्यवहारात लुईज बेर्निए, दफनाच्या नोंदीतही तीच. समाजात तिला 'बाई अमुक' म्हणून नवऱ्याच्या नावाने हाक मारत असतील, पण कागद तिचं नाव सोडत नव्हता. त्यामुळे तिथले संशोधक घराणं माणसागणिक मांडत नाहीत, जोडप्यागणिक मांडतात. नवऱ्याचं नाव पाच नोंदींत पाच तऱ्हेचं असलं तरी शेजारी लुईज बेर्निए असलं की हा तोच माणूस हे ठरतं.

आपल्या कुलवृत्तांतांत नेमकं याच्या उलट. पुरुष दहा-बारा पिढ्या मागे न चुकता सापडतात आणि सून आली की तिचं पहिलं नावसुद्धा सासरचं. माहेर लिहिलंच तर एका ओळीत, बऱ्याचदा नुसतं आडनाव. माझ्या पणजीचं जन्मनाव काय होतं हे घरातल्या कुणाला सांगता आलं नाही. तिचं सासरचं नाव दप्तरात, तांब्याच्या हंड्यावर कोरलेलं, श्राद्धाच्या संकल्पात. त्याआधीची सोळा वर्षं जणू झालीच नाहीत. केरुआकांच्या प्रकरणात हरवला होता पुरुष, आणि त्याला जागेवर धरून ठेवणारी खुंटी होती त्याची बायको. लुईजचं नाव इतकं पक्कं नसतं तर त्या घराण्याला मूळ पुरुष हरवलाय हेसुद्धा कळलं नसतं. त्याच्या पाच नावांची पाच माणसं झाली असती.

छेदलेलं अक्षर

ब्रिटनीच्या ब्रेटन भाषेत 'केर' म्हणजे वस्ती, वाडी, घर. ब्रिटनीच्या पश्चिम भागात 'केर'ने सुरू होणारी गावं आणि आडनावं इतकी आहेत की लिहिणारे कंटाळले आणि त्यांनी पंधराव्या शतकापासूनच एक खूण काढली. रोमन 'के' अक्षराच्या पायाला एक आडवी रेघ मारायची, की त्याचं वाचन 'केर'. आपण 'राजमान्य राजश्री' ऐवजी 'रा. रा.' लिहावं तसं. ब्रेटन नोटरी आणि पाद्री हे डोळे मिटून लिहीत आणि वाचत.

कॅनडातल्या पाद्र्यांना ही खूण नवखी होती. छेदलेल्या 'के'ची रेघ कुणी वाचली, कुणी सोडली, कुणी तिचं दुसरंच अक्षर केलं. त्यात 'केर्वोआक' या शब्दातल्या मधल्या 'व्ह' आणि 'उ' यांच्यात जुन्या हस्ताक्षरात फरकच नाही. दोन्ही एकाच वळणाने लिहीत. 'केर्वोआक'चा 'केरुआक' तिथेच झाला. म्हणजे 'केरुआक' असं गाव ब्रिटनीच्या नकाशावर शोधणाऱ्याला ते कधीच मिळालं नसतं. केर्वोआक मात्र आहे. मोर्लेजवळच्या लानमरच्या हद्दीतली ती एक वाडी. आपलं 'कर' शेवटी लागतं, त्यांचं 'केर' सुरुवातीला. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण दोघांचं काम एकच आहे. हा माणूस कुठल्या मातीतला, ते सांगणं.

या खुणेत एक गोष्ट दडलेली होती, आणि ती पाहायला ब्रेटन डोळाच हवा होता. कॅनडात आलेल्या त्या माणसाला केर्वोआक हे नाव छेदलेल्या अक्षराने लिहायची सवय होती. गावच्या एखाद्या कानावर पडलेल्या नावाची नक्कल करणारा माणूस असं लिहीत नाही. हे लिहिण्याची सवय असलेल्या घरात वाढलेल्या माणसाचं लिहिणं. त्यामुळे त्याच्या नावातला कुठला तुकडा खरा मानायचा, याचा कल इथून मिळतो. पहिली नावं बदलती, ल ब्रिस संशयास्पद, आईवडिलांची नावं जुळत नाहीत. पण कॉर्नुआय आणि केर्वोआक हे दोन तुकडे टिकून राहतात.

ह्युएलगोआत

उत्तर अमेरिकेतल्या किरुआकांनी १९७८मध्ये घराण्याची संस्था काढली. वीस वर्षं त्यांचे लोक ब्रिटनीत फेऱ्या मारत होते. शेवटी काम मार्गी लागलं ते पात्रिसिया दाजिए या ब्रेटन वंशसंशोधक बाईंच्या हातून, १९९९मध्ये. त्यांनी ल ब्रिस शोधणं सोडलं आणि केर्वोआक शोधलं.

ते नाव मिळालं फिनिस्तेर प्रांतात, ह्युएलगोआतला. जंगल, प्रचंड गोलमटोल शिळा आणि शिसं-चांदीच्या जुन्या खाणी यांचं हे गाव. तिथे फ्रांस्वा-जोआशिम ल बिहान, सिअर द केर्वोआक, म्हणजे केर्वोआकचा जमीनदार, हा राजाच्या सनदेने काम करणारा नोटरी होता. त्याचा मुलगा युर्बॅं-फ्रांस्वा, जन्म साधारण १७०२चा. १७२० साली एका लग्नसमारंभात चोरी झाली आणि आळ या अठरा वर्षांच्या पोरावर आला. प्रकरण न्यायासनापुढे गेलं. नोटरीच्या घरातल्या मुलावर चोरीचा आळ, म्हणजे बापाच्या व्यवसायाच्या मुळावरच घाव. ज्याच्या शब्दावर गावाने खरेदीखतं आणि मृत्युपत्रं करायची त्याच्याच घरात चोर, असं लोक म्हणणार. त्यानंतर तो ब्रिटनीतून निघाला आणि पुढची काही वर्षं न्यू फ्रान्समध्ये फिरस्ता व्यापारी म्हणून दिसू लागला, नवनवीन नावांनी.

ल बिहान म्हणजे ब्रेटनमध्ये 'लहान', ल ब्रिस म्हणजे 'ठिपकेदार, कबरा'. मराठीत सांगायचं तर लहाने आडनावाच्या माणसाने परक्या मुलखात आपण काबरे आहोत असं सांगावं, तसं. दोन्ही आडनावं ब्रिटनीत गल्लोगल्ली. ल ब्रिस निवडण्यात अक्कल होती, कारण ते खोटं वाटत नाही आणि सापडतही नाही.

पण मग त्याने केर्वोआक का ठेवलं? पूर्ण खोटं नाव घेणं सोपं होतं. मला वाटतं, ते घराण्याच्या मानाचं नाव होतं. 'सिअर द' असं म्हटलं की माणूस जमीनदाराच्या घरचा ठरतो, आणि नव्या मुलखात सासरा, सावकार, पाद्री या सगळ्यांसमोर तेच चलनी नाणं होतं. ल बिहान टाकून देता आलं, केर्वोआक टाकवलं नाही. नोटरीच्या मुलाला कागद कसा बनतो हे ठाऊक असतं. त्यातली कुठली ओळ तपासली जाते आणि कुठली नाही, हेही ठाऊक असतं. एवढ्या शहाण्या माणसानेही अभिमानाचा तुकडा जपला आणि तोच पावणेतीनशे वर्षांनी त्याच्या दारापर्यंत घेऊन गेला.

लग्नानंतर साडेतीन वर्षांत तो गेला. वय चौतीसच्या आसपास. कामुरास्काला पुरला गेला. लुईजच्या पदरात लहान मुलगे राहिले. ती आपल्या माहेरच्या काठावर होती, मुलं त्याच काठावर वाढली. बापाकडून त्यांना मिळालं ते एक नाव, आणि त्याचा उच्चार कसा करायचा हे सांगायला ब्रेटन बोलणारं कुणी उरलं नाही. म्हणून प्रत्येक पाद्र्याने कानाला पडेल तसं लिहिलं. किरुआक, किरुआख, केरोआक, केरुआक. ही वेगवेगळी घराणी नाहीत, वेगवेगळे कान आहेत.

आता बॅरनची कथा परत वाचली तर दिसतं की ती अगदीच हवेतली नव्हती. ब्रिटनी खरी. 'द केर्वोआक' हे जमिनीवरून आलेलं नाव, त्याचा पुढे बॅरन झाला. ल ब्रिस तर मूळ पुरुषाने स्वतःच सांगितलेलं. तीन पिढ्यांनी त्यात फौज, लढाई आणि जमीन घातली. घरातली गोष्ट टाकून देऊ नये हे मी नेहमी म्हणतो, पण तिच्यातली तारीख मात्र सगळ्यात आधी तपासावी. लढाया, राजे, दुष्काळ यांच्या तारखा गोष्टीला नंतर चिकटतात. लोकांना मोठ्या घटनेजवळ आपला माणूस उभा करायला आवडतो. आमच्याकडे पानिपतावर गेलेला म्हणून सांगितला जाणारा पूर्वज दप्तरात त्यानंतर सहा वर्षांनी शेतसारा भरताना सापडला.

एकाच मुळाची दोन माणसं

या वंशात जॅक एकटा नामवंत नाही. क्वेबेकच्या वनस्पतींचा मोठा कोश १९३५मध्ये काढणारे आणि माँट्रियलची वनस्पतिबाग उभी करणारे ब्रदर मारी-व्हिक्तोरँ हेही याच घराण्यातले. जन्म १८८५, किंग्जी फॉल्सचा. घरचं नाव काँराद किरुआक. धर्मसंघात गेले म्हणून त्यांनी ते टाकलं आणि संन्यासनाम घेतलं. म्हणजे एकाच घराण्यात एकाने आळ चुकवायला नाव बदललं, दुसऱ्याने व्रतासाठी, आणि तिसरा, जॅक, जुनं नाव पूर्ण मिळावं म्हणून समुद्र ओलांडून गेला. तिथल्या कागदांत हे तिघे वेगवेगळ्या नावांनी आहेत. एकत्र येतात ते आयांच्या नावांवरून.

क्वेबेकच्या कायद्याने २ एप्रिल १९८१पासून लग्नानंतर प्रत्येकाने स्वतःचं जन्मनावच चालवायचं असं ठरवलं. बातम्या वाचणाऱ्यांना ते फार आधुनिक वाटलं. चर्चदप्तरं उलगडून बसलेल्यांना मात्र त्यात नवं काही दिसलं नसेल, कारण तीनशे वर्षं तिथला कागद बाईला तसंच लिहीत आला होता. लोवेलसारख्या अमेरिकन गिरणगावातले फ्रेंच पाद्रीसुद्धा तीच रीत पाळत. केरुआकाच्या पोराच्या, म्हणजे जॅकच्या, नोंदीत आई म्हणजे लेव्हेक घराण्यातली गाब्रिएल.

हे सगळं वाचून झाल्यावर मी आमच्या कुलवृत्तांताचा तक्ता बदलायला घेतला. आधी एका रकान्यात पुरुष आणि त्याच्यापुढे कंसात बायको होती. आता दोन रकाने आहेत, सारख्या रुंदीचे. उजवा रकाना अजून जवळजवळ रिकामा आहे. पणजीच्या माहेरचं आडनाव मिळालंय, गाव मिळालंय. गावात त्या आडनावाची तीन घरं आहेत. तिच्या एका भाच्याची नात तिथे राहते, ऐंशीच्या घरातल्या आहेत. फोनवर म्हणाल्या, आत्याबाईंना लहानपणी काय हाक मारायचे ते आमची आजी सांगायची, पण तुम्ही समोर येऊन बसा, मग आठवेल. दिवाळीनंतर जाणार आहे.